शिलेवरची नावे

प्रत्येक देशात काही स्थाने अशी असतात की, त्यांची नावे उच्चारताच त्या देशाचा प्राचीन काळ डोळ्यांपुढे उभा राहतो. जेरुसलेम, बेथलेहेम, जेरिको ही पश्चिम आशियातील नगरे अशीच आहेत. बायबल या ग्रंथाने त्यांची नावे जगभर पोहोचविली. दूरदूरचे यात्रिक आजही तेथे जातात. आपल्या महाराष्ट्रातही तितकीच पुरातन पुण्यक्षेत्रे आहेत. मात्र त्यांची हकिकत कोणा एका ग्रंथात सापडत नाही. ती डोंगराच्या कातळावर कोरलेली आहे. ती वाचावयाची तर मावळात जावे लागते.

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, इंद्रायणीच्या खोऱ्यात, कामशेत हे गाव आहे. नाणे मावळातील आणि पवन मावळातील खेड्यांची ही बाजारपेठ. आठवड्याच्या बाजाराला आसपासचे शेतकरी येथे येतात. आजच्याप्रमाणेच दोन हजार वर्षांपूर्वीही या खोऱ्यातून माणसांची व मालाची ये-जा चालत असे. सोपारा आणि कल्याण या कोकणातील बंदरांत गलबतांतून उतरलेला माल बैलांच्या पाठीवर लादला जाई. तांडे बोरघाट चढून मावळात येत आणि पुढे जुन्नर, पैठण, तेर अशा नगरांकडे जात. बायबलात ओफीर नावाच्या एका संपन्न बंदराचा उल्लेख आहे. ते बंदर म्हणजेच सोपारा असावे, असा तर्क काही विद्वानांनी केला आहे. तो खरा असो वा नसो, सोपाऱ्याचे नाव समुद्रापलीकडे पोहोचले होते, यात संशय नाही.

या मार्गाच्या दोन्ही अंगांच्या डोंगरांत बौद्ध भिक्षूंसाठी लेणी कोरली गेली. भिक्षू एरवी गावोगाव फिरत. पण पावसाळ्याचे महिने एका ठिकाणी राहून घालवावेत, असा त्यांचा नियम होता. मावळातला पाऊस किती धुवाधार असतो, हे तेथील मुलांना सांगावयास नको. अशा पावसात निवाऱ्याला कातळासारखे घर दुसरे कोणते? भिक्षूंच्या निवासाच्या लेण्याला विहार म्हणतात आणि ज्या लेण्यात पूजेसाठी स्तूप असतो त्याला चैत्यगृह म्हणतात. भाजे, बेडसे आणि कार्ले ही मावळातील तीन प्रसिद्ध लेणी. भाज्याचे चैत्यगृह इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले, बेडशाचे त्यानंतरचे, आणि कार्ल्याचे इसवी सनाच्या पहिल्या शतकातले, असे सामान्यपणे मानतात. त्याच पहिल्या शतकात, इ.स. ७० मध्ये, रोमन सैन्याने जेरुसलेमचे मोठे मंदिर जमीनदोस्त केले. कार्ल्याचे चैत्यगृह मात्र अद्याप उभे आहे.

कार्ल्याचे चैत्यगृह भारतातील सर्वांत मोठे होय. त्याची लांबी सुमारे १२४ फूट आहे आणि आत ३७ खांब आहेत. छताला लावलेल्या लाकडी कमानी अजून टिकून आहेत. वैजयंती नगरीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने येथे लेख कोरविला. साऱ्या जंबुद्वीपात उत्तम असे हे शैलगृह आहे, असे त्यात अभिमानाने म्हटले आहे. परंतु हे काम एकट्या धनिकाच्या द्रव्यावर झाले नाही. खांबांवर आणि भिंतींवर अनेक दात्यांची नावे आहेत. त्यांत सोपाऱ्याचा एक धर्मपाठक आहे, सुगंधी द्रव्ये विकणारा एक गंधी आहे, स्वतःच्या हातांनी काम करणारा एक सुतार आहे, आणि स्वतःला यवन म्हणविणारे, पश्चिमेकडून आलेले लोकही आहेत. यांपैकी कित्येक जण धेनुकाकट नावाच्या गावचे होते. हे गाव कोठे होते, हे आज निश्चितपणे कोणासही सांगता येत नाही. घरे गेली, बाजार गेला, वाटा बुजल्या. गावाचे नाव तेवढे शिलेवर राहिले.

मावळ हे नावसुद्धा असेच शिलेवर सापडते. कार्ल्याचे प्राचीन नाव वलूरक. नहपान या क्षत्रपाचा जावई उषवदात याने वलूरकच्या भिक्षूंना करजिक नावाचे गाव दान दिले, असा तेथे लेख आहे. पुढे सातवाहनांनी नहपानाचा पराभव केला. राज्य बदलले की मागील राजाची दाने मोडली जाण्याचे भय असते. पण सातवाहन राजाने मामाल येथील अमात्याला आज्ञा पाठविली आणि तेच गाव भिक्षूंकडे ठेवले. ही आज्ञाही कार्ल्याच्या भिंतीवर आहे. तीतील ‘मामाल’ म्हणजेच आजचे मावळ. करजिक म्हणजे कामशेतजवळचे करंजगाव असावे, असे काही अभ्यासक मानतात. रणांगणावर जे एकमेकांचे वैरी होते, ते भिक्षूंच्या निर्वाहाच्या बाबतीत एकाच वाटेने गेले.

कामशेतहून पवनानगरच्या रस्त्याने गेले की बेडसे गाव लागते. तेथून सुमारे ४०० पायऱ्या चढून लेण्यांपाशी पोहोचता येते. कार्ल्यासारखी येथे गर्दी नसते. दोन्ही बाजूंस कातळ आणि मधून एक अरुंद वाट; त्या वाटेने आत शिरावे तो एकदम उंच खांब समोर उभे राहतात. खांबांच्या तळाशी दगडी कुंभ आहेत आणि माथ्यावर हत्ती, घोडे, बैल यांच्यावर बसलेली स्त्री-पुरुषांची जोडपी आहेत. लेण्याचे तोंड पूर्वेकडे असल्यामुळे सकाळचे ऊन आत येते. शेजारच्या विहाराची मागील बाजू चैत्यगृहाप्रमाणे अर्धगोल आहे. अशी रचना विहारांत क्वचितच आढळते.

बेडशाचे लेख थोडे आहेत, पण मन वेधून घेणारे आहेत. नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा पुत्र पुष्यणक याच्या दानाची नोंद एका ठिकाणी आहे. समडिनिका नावाच्या महारठिनीने येथे पाण्याचे टाके करविले. तिसरा लेख एका लहान स्तूपापाशी आहे. गोभूति नावाचे एक भिक्षू मारकुड येथे राहत. अरण्यात वास आणि भिक्षेवर निर्वाह, असे त्यांचे जीवन. ते गेल्यावर असाळमित नावाच्या शिष्याने त्यांच्या स्मरणार्थ हा स्तूप उभारला. गुरूंजवळ ना धन होते, ना पदवी. तरी शिष्याच्या कृतज्ञतेमुळे त्यांचे नाव दोन हजार वर्षे पुसले गेले नाही.

मात्र बेडशाचे सारेच वैभव टिकले नाही. चैत्यगृहाच्या आतील खांबांवर आणि भिंतींवर पूर्वी रंगीत चित्रे होती. १८६१ च्या सुमारास एक मोठा इंग्रज अधिकारी तेथे येणार, अशी वार्ता आली. लेणे स्वच्छ दिसावे म्हणून स्थानिक अधिकाऱ्यांनी ते घासून पुसून चुन्याने रंगविले, असे सांगतात. त्यांचा हेतू वाईट नव्हता. पाहुण्यासाठी घर सारवावे, तसेच त्यांना वाटले असेल. पण ऊन, पाऊस आणि वटवाघळे यांच्या तावडीतून शतकानुशतके जे वाचले होते, ते माणसाच्या अज्ञानामुळे थोड्या वेळात नाहीसे झाले. ती चित्रे कशी होती, हे आता कधीच कळणार नाही.

ही लेणी आज संरक्षित स्मारके आहेत आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खाते त्यांची देखभाल करते. तथापि केवळ पहारेकरी ठेवून वारसा सुरक्षित राहत नाही. पुष्कळ प्राचीन वास्तूंच्या भिंतींवर सहलीला आलेल्यांनी खडूने, कोळशाने, कित्येकदा खिळ्यानेही आपली नावे लिहिलेली दिसतात. कार्ल्याच्या सुताराचे नावही भिंतीवरच आहे. पण त्याने आधी दार घडविले आणि मग नाव कोरले. समडिनिकेने तहानलेल्यांसाठी पाणी साठविले, मग तिचे नाव शिलेवर आले. काहीही न देता भिंतीवर आपले नाव लिहिणाऱ्याला या मंडळींच्या पंक्तीत बसण्याचा अधिकार कसा मिळणार?

शब्दार्थ

श्रेष्ठी – मोठा व्यापारी, शेठ
जंबुद्वीप – भारतवर्षाचे प्राचीन नाव
अमात्य – राजाचा अधिकारी, मंत्री
निर्वाह – चरितार्थ
टाके – कातळात खोदलेला पाणीसाठा
महारठिनी – महारठी या पदावरील सरदाराची पत्नी

स्वाध्याय

१. भिक्षूंना डोंगरात लेण्यांची गरज का भासली?
२. कार्ल्याच्या दात्यांत कोणकोणत्या व्यवसायांचे लोक होते? त्यावरून त्या काळच्या समाजाविषयी काय समजते?
३. करजिक गावाच्या दानाची हकिकत आपल्या शब्दांत लिहा.
४. ‘त्यांचा हेतू वाईट नव्हता.’ हे वाक्य कोणाला उद्देशून आहे? तरीही हानी का झाली?
५. पुढील सामासिक शब्दांचा विग्रह करून समास ओळखा : स्त्री-पुरुष, शैलगृह, लोहमार्ग.
६. आपल्या गावातील एखाद्या जुन्या देवळाला, मशिदीला, बारवेला किंवा वेशीला भेट द्या. तेथे लेख असल्यास त्याला हात न लावता तो उतरून घ्या आणि गावातील वडीलधाऱ्यांना त्याविषयी विचारून दहा ओळी लिहा.