घर बांधू या, त्या कुटुंबाच्या सोबतीने

वाचनासाठी: निर्गम, अध्याय २२, प्रेषितांची कृत्ये २:४२-४७, याकोब २:१४-१७



दयेच्या सात शारीरिक कृत्यांमध्ये बेघराला आसरा देणे हे एक आहे. ते पार पाडण्यासाठी अनेक देशांतील ख्रिस्ती भाविक गटागटाने सेवायात्रेला जातात. आठ-दहा दिवस परक्या गावी राहून, पाया खोदून, विटा वाहून एका कुटुंबाचे घर उभे करतात. काम पुण्याचे खरे, पण ते कसे करावे हे शिकायला हवे. या सेवेतील एका मोठ्या कार्याचा इतिहास आपण पाहू या.

क्लॅरेन्स जॉर्डन हे नव्या कराराच्या ग्रीक भाषेचे अभ्यासक. १९४२ साली त्यांनी अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात ‘कोइनोनिया’ नावाची शेतवस्ती सुरू केली. कोइनोनिया म्हणजे सहभागिता. प्रेषितांच्या कृत्यांत पहिल्या ख्रिस्ती लोकांचे जीवन सांगताना हाच शब्द येतो. तेथे गोरे आणि काळे एकत्र राबत व जेवत. त्या काळी हे मोठे धाडस होते. पुढे मिलार्ड फुलर हे श्रीमंत वकील आपली संपत्ती दान करून पत्नी लिंडासह तेथे आले. १९६८ मध्ये गरिबांसाठी घरे बांधण्याची योजना सुरू झाली. १९७३ ते १९७६ या काळात फुलर दांपत्याने मिशनकार्यासाठी आफ्रिकेत, तेव्हाच्या झाईरमध्ये, तशीच घरे बांधली. परत आल्यावर १९७६ साली त्यांनी ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ ही संस्था स्थापन केली.

त्यांची मूळ योजना साधी होती. घर फुकट द्यायचे नाही आणि त्यावर नफाही घ्यायचा नाही. कुटुंबाने बांधकामात स्वतः घाम गाळायचा आणि घराची किंमत हप्त्याहप्त्याने, बिनव्याजी फेडायची. गरिबाला दिलेल्या कर्जावर व्याज घेऊ नये, ही निर्गमातील आज्ञा त्यामागे होती. फेडलेल्या पैशांतून पुढच्या कुटुंबाचे घर उभे राही. म्हणजे काल ज्याने मदत घेतली, तोच आज दुसऱ्याचा मदतगार होई.

या कार्याचा आपल्या महाराष्ट्राशीही संबंध आला. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर १९८४ पासून या संस्थेबरोबर घरे बांधत होते. २००६ साली, वयाच्या ८२ व्या वर्षी, ते पत्नी रोझलिन यांच्यासह लोणावळ्याजवळ आले. सुमारे दोन हजार स्वयंसेवकांसोबत त्यांनी शंभर घरांच्या बांधकामात हात लावला. एके काळी देशाचा कारभार पाहणारा माणूस हातात हातोडा घेतो, तेव्हा सेवेत कोणी मोठा-लहान नसतो हे कळते.

यातून आपण तीन गोष्टी शिकू या.

पहिली: पाहुणे आठवड्याने परत जातात. नव्या भिंतीला पाणी मारणे, पावसात गळणारे छप्पर दुरुस्त करणे, हप्ते भरणे हे त्या कुटुंबालाच करायचे असते. म्हणून घर कुठे, कसे व केवढे असावे हे आधी त्यांना विचारावे.

दुसरी: गावातल्या गवंड्याचे काम आपण हिरावून घेऊ नये. त्याला मजुरी द्यावी आणि आपण त्याच्या हाताखाली राबावे. आपल्या प्रवासखर्चाच्या रकमेत गावकऱ्यांच्याच हातून अधिक घरे होणार असतील, तर ती रक्कम पाठवणे हीदेखील सेवाच आहे.

तिसरी: घराच्या बदल्यात श्रद्धेची अपेक्षा धरू नये. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ सालच्या धर्मस्वातंत्र्यावरील घोषणापत्रात, गरिबांवर धर्माच्या बाबतीत दबाव आणण्यास स्पष्ट मनाई केली आहे. निरपेक्ष प्रेम हीच आपली साक्ष.

सेवायात्रेला दूरच जावे लागते असे नाही. आपल्याच धर्मग्रामात एखाद्या विधवेचे घर गळत असेल. मे महिन्यात चार तरुणांनी कौले चाळून दिली, तरी तिचा पावसाळा सुखाचा जाईल. मात्र जाण्याआधी तिच्या ओट्यावर बसून तिचे म्हणणे ऐकू या.

चिंतनासाठी प्रश्न
१. मदत करताना आपण समोरच्याचे मत विचारतो का?
२. आपल्या वाडीत कोणाच्या घराला आज आपल्या हातांची गरज आहे?

प्रार्थना: हे प्रभो येशू, सुताराच्या घरात तू वाढलास. आमच्या हातांना काम दे आणि अंतःकरणाला नम्रता दे. आमेन.