श्रद्धा असली की भीती वाटत नाही का?

प्रश्न : आमच्या शेजारी एक ख्रिस्ती कुटुंब आहे. यंदा त्यांच्या संत्र्याला गळ लागली, त्यात काकूंचा मुलगा अमरावतीला दवाखान्यात भरती आहे. काकू म्हणतात, येशूवर भरवसा आहे, भीती नाही. पण संध्याकाळी प्रार्थना करताना त्या रडतात. भीती नाही, तर रडणं कशाचं? आणि आम्ही हिंदू, त्यांच्या प्रार्थनेला जाऊन बसलं तर चालतं का?
— एक वाचक, चांदूर बाजार

उत्तर : श्रद्धा आली की भीती जाते, असं आपण धरून चाललात. पुष्कळ ख्रिस्ती माणसंही तसंच समजतात आणि भीती वाटली की मनातून खजील होतात. बायबलात मात्र निराळं चित्र आहे. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत येशू स्वतः व्याकूळ झाला होता. हे संकट टळावं अशी त्यानं आधी विनवणी केली. तुझ्या इच्छेप्रमाणे होऊ दे, हे त्यानंतर. मग काकू रडल्या तर त्यांचा विश्वास कमी कसा पडला?

प्रार्थनेनं मग होतं काय? मेंढपाळाचं तेविसावं स्तोत्र ख्रिस्ती घरांत पाठ असतं. त्यात गाणारा सुरुवातीला मेंढपाळाविषयी सांगत असतो. अंधारी दरी आली की तो थेट त्याच्याशीच बोलू लागतो. दरी जात नाही, पण तो तिथं एकटा राहत नाही. एकट्यानं उराशी धरलेली भीती माणसाला जागच्या जागी खिळवते. कुणापाशी तरी ती बोलून झाली की पुढचं काम सुचतं.

पंडिता रमाबाईंचं पाहा. ऐन तरुणपणी दुष्काळात त्यांनी झाडाचा पाला खाऊन दिवस काढले होते. आई, वडील, मोठी बहीण, तिघंही त्या काळात गेली. पुढे 1883 मध्ये त्या ख्रिस्ती झाल्या. 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला तेव्हा तिकडची हाडांचे सापळे झालेली माणसं पाहणं म्हणजे स्वतःचंच जुनं दुःख पुन्हा पाहणं होतं. तरी त्या गेल्या आणि निराधार मुलींना, बायकांना घेऊन आल्या. मला वाटतं, काकूंना जे सांगायचं असेल ते हेच : भीती आहे, पण निर्णय तिच्या हाती नाही.

इथं एक गैरसमज दूर करायला हवा. देवावर भरवसा म्हणजे औषधाला नकार नव्हे. त्या मुली आल्या तेव्हा पुण्यात प्लेगची साथ होती. रमाबाईंनी त्यांना शहरात दाटीनं ठेवलं नाही, केडगावच्या मोकळ्या शेतात नेलं. तिथंच पुढे मुक्ती मिशन उभं राहिलं. मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देव झेलेल, असं सैतानानं सुचवलं तेव्हा देवाची परीक्षा पाहू नये, असं येशूनं उत्तर दिल्याचं शुभवर्तमानात आहे. तेव्हा काकूंनी प्रार्थनाही करावी आणि मुलाच्या गोळ्यांच्या वेळाही पाळाव्या.

आपल्याकडचंच उदाहरण हवं असेल तर परतवाड्याजवळ कोठाऱ्याला लेप्रसी मिशनचा दवाखाना आहे. या मिशनचं काम 1874 मध्ये सुरू झालं. कुष्ठरोगावर गुणकारी औषध यायला मात्र 1940 चं दशक उजाडलं. मधली कित्येक वर्षं रोग बरा करता येत नसताना माणसं जखमा धूत, पट्ट्या बांधत राहिली. घरच्यांनी ज्यांना बाहेर काढलं होतं त्यांना हात लावणं सोपं नव्हतं. सेवा करणाऱ्यांतल्या अनेकांना हे बळ प्रार्थनेतून येई. आता मिश्र औषधोपचारानं कुष्ठरोग सहा किंवा बारा महिन्यांत बरा होतो, औषधही फुकट मिळतं. तरी लोक रोग्याच्या भांड्याला शिवायला कचरतात. ज्ञान आलं म्हणून भीती आपोआप जात नाही, हेही त्यावरून दिसतं.

आता आपली दुसरी शंका. प्रार्थनेला खुशाल बसा. कुणी धर्म विचारणार नाही, कुणी काही म्हणायला लावणार नाही. डोळे मिटायचे की नाही ही आपली मर्जी. प्रार्थना झाली की, अमरावतीला डबा कोण नेतंय, रात्री मुलापाशी कोण थांबतंय आणि तोडणीला माणसं मिळाली का, एवढं मात्र काकूंना विचारा.