बग्गी थांबली की आधी मीटर लावा

रिसॉर्ट, मोठ्या सोसायट्या, देवस्थानं, हॉस्पिटलची आवारं, सगळीकडे आता बॅटरीवरच्या गोल्फ कार्ट, म्हणजे आपल्या बग्ग्या, दिसतात. त्या सांभाळायचं काम मात्र बहुतेक ठिकाणी आवारातल्या इलेक्ट्रिशियनच्या गळ्यात पडतं आणि त्याला कोणी काही शिकवलेलं नसतं. मी लोणावळ्याकडच्या एका रिसॉर्टच्या मेंटेनन्सला होतो. तिथल्या एका बग्गीने जे शिकवलं, ते अशा सगळ्यांसाठी लिहितो आहे.

बग्गी ४८ व्होल्टची, ८ व्होल्टच्या सहा लेड-ॲसिड बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडलेल्या. सपाटीवर ती व्यवस्थित पळायची. माणसं भरून चढाला लागली की दम टाकायची आणि मध्येच थांबायची. दहा मिनिटं उभी ठेवली की पुन्हा काही झालंच नाही अशी चालायची. पाहुण्यांमध्ये म्हातारी माणसं असत, पावसात चढावर अडकत. देखभालीचं कंत्राट ज्यांच्याकडे होतं त्यांच्या मेकॅनिकने कंट्रोलर गेला असं सांगून नवा बसवला. पाच आकडी बिल आलं, दोष तसाच. मग सॉलेनॉइड बदलला. तरी तेच. शेवटी अख्खा बॅटरी सेट बदला म्हणाले. तेव्हा मी साहेबांकडून एक दिवस मागून घेतला.

उभ्या गाडीवर मीटर लावला तर जवळपास ५१ व्होल्ट, म्हणजे पूर्ण चार्ज. इथेच बहुतेकांची फसगत होते. उभ्या गाडीत करंट जवळजवळ वाहतच नाही, त्यामुळे मरायला टेकलेली बॅटरी आणि जळालेला जोडही चांगलाच आकडा दाखवतात. खरं काय ते लोड आल्यावर कळतं. म्हणून मीटरच्या वायरी लांब केल्या, क्लिप लावून पुढच्या सीटपर्यंत आणल्या, ड्रायव्हरला चढावर गाडी घ्यायला सांगितली आणि शेजारी बसून आकडा बघत राहिलो. चढाला लागताच ५१ चे ४१ झाले. कंट्रोलर स्वतःला वाचवण्यासाठी ताकद कमी करत होता. तो त्याचं काम चोख करत होता.

मग एकेक बॅटरी तपासली, तशीच, चढावर. सहाही बॅटऱ्या लोडवर साडेसातच्या वर टिकत होत्या. साडेसात गुणिले सहा म्हणजे ४५ च्या वर यायला हवेत, येतात ४१. मधले चार-पाच व्होल्ट जातात कुठे? बॅटरीत नाहीत, म्हणजे जोडांत. आता मीटरची एक क्लिप एका बॅटरीच्या शिशाच्या पोस्टवर आणि दुसरी त्याच केबलने जोडलेल्या पुढच्या बॅटरीच्या पोस्टवर लावली. क्लिप नटावर किंवा थिंबलवर लावू नका, पोस्टच्या शिशावरच लावा, नाहीतर नेमका खराब जोड मोजमापातून सुटतो. चांगली केबल लोडवर एका व्होल्टचा जेमतेम दहावा-पाचवा भाग खाते. तिसऱ्या आणि चौथ्या बॅटरीमधली केबल एकटी साडेचार व्होल्ट खात होती. वरून ती अगदी नवी दिसत होती. काळी स्लीव्ह कापली तेव्हा आतलं थिंबल हिरवं पडलेलं, तांब्याच्या तारा काळ्या ठिक्कर आणि निम्म्याहून जास्त तुटलेल्या. पावसाळी दमट हवा आणि बॅटरीच्या ॲसिडची वाफ स्लीव्हच्या आत शिरून बसली होती. चढावर अशा गाडीतून २०० अँपिअरपर्यंत करंट जातो. साडेचार व्होल्ट गुणिले २०० अँपिअर म्हणजे ९०० वॅट, त्या टीचभर जोडावर कपड्यांच्या इस्त्रीएवढी उष्णता. तापलं की जोड सैल, थंड झालं की पुन्हा चिकटला. दहा मिनिटांच्या विश्रांतीचं कोडं ते एवढंच. केबल बदलली आणि गाडी चालू लागली. नवा कंट्रोलर आणि सॉलेनॉइड उगाच घेतले गेले होते.

हे मोजताना गाडी चालू असताना सीट उचलून आत हात घालायचा नाही. क्लिपची जागा बदलताना गाडी बंद, हँडब्रेक लावलेला. खोलायचं काम असेल तर आधी रन-टो स्विच, म्हणजे गाडी चालवायची की ओढून न्यायची ते ठरवणारा स्विच, टो वर, मग मुख्य निगेटिव्ह केबल काढायची. कंट्रोलरमधल्या कपॅसिटरमध्ये त्यानंतरही चार्ज उरतो, थोडं थांबा. हातातली अंगठी, कडं, घड्याळ काढून ठेवा आणि पान्याच्या दांड्याला इन्शुलेशन टेप गुंडाळा. ४८ व्होल्टचा झटका फारसा जाणवत नाही म्हणून लोक बेफिकीर राहतात. पण पाना दोन पोस्टवर आडवा पडला तर शेकडो अँपिअर वाहतात आणि लोखंड वितळतं. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघतो, तेव्हा शेड मोकळी ठेवा आणि जवळ विडी-सिगारेट नको.

गाडी अजिबात हलत नसेल तर शोध वेगळा. चार्जरची पिन लावलेली आहे का, रन-टो स्विच कुठे आहे, हे आधी बघा. पुष्कळ गाड्या पिन लागलेली असताना हलतच नाहीत. मग चावी फिरवून पेडल दाबा आणि सॉलेनॉइडची टिक ऐका. टिक नसेल तर त्याच्या दोन बारीक टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. तिथे व्होल्टेज येतंय आणि टिक नाही, तर कॉइल गेली. येतच नसेल तर दोष मागे आहे: चावी, पेडलखालचा मायक्रोस्विच, फॉरवर्ड-रिव्हर्स स्विच, किंवा पावसाळ्यात उंदराने कुरतडलेली वायर. टिक येते पण गाडी जात नाही, तर पेडल दाबून मोठ्या दोन बोल्टांमध्ये मोजा. शून्याजवळ हवं. दहा-वीस व्होल्ट दिसले तर आतले कॉन्टॅक्ट जळालेत.

चार्जर सुरू होत नाही म्हणून तो फेकू नका. सेट फार उतरलेला असेल तर अनेक चार्जरना पुरेसं व्होल्टेज दिसत नाही आणि ते चालूच होत नाहीत. एकेक बॅटरी तिच्या व्होल्टेजच्या छोट्या चार्जरवर थोडी वर आणली की मोठा चार्जर सेटला घेतो.

दिवे आणि म्युझिक एक-दोन बॅटऱ्यांवरून घेणारे अजून भेटतात. त्याच बॅटऱ्या रोज जास्त उतरतात, चार्जर मात्र सगळ्या सेटला एकच माप लावतो, आणि वर्षभरात त्याच आधी मरतात. पूर्ण ४८ व्होल्टवरून कन्व्हर्टर लावून १२ व्होल्ट घ्या. पाणी डिस्टिल्डच, आणि चार्ज झाल्यावर घाला. प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच आधी, त्या बुडतील एवढंच.

दर महिन्याला प्रत्येक बॅटरीचा लोडवरचा आकडा वहीत लिहून ठेवा. इतरांपेक्षा अर्ध्या व्होल्टने खाली पडणारी बॅटरी तिथे आधीच दिसते. आणि कोणी पार्ट बदलायला सांगितला तर बिलावर सही करण्याआधी त्याला विचारा, कुठे मीटर लावला होता, लोड होता का, आणि आकडा किती आला.