गिरींद्रशेखर बोस आणि मनोविश्लेषणाची भारतीय परिभाषा

१९२१ साली कलकत्त्याहून एक इंग्रजी ग्रंथ व्हिएन्नास सिग्मंड फ्रॉइड यांच्याकडे पोहोचला. दमन-संकल्पनेचे विवेचन करणारा हा प्रबंध कलकत्ता विद्यापीठाने त्याच वर्षी डॉक्टरेटसाठी मान्य केला होता. इतक्या दूरच्या देशात आपल्या शास्त्राची अशी दखल घेतली जावी, याचे फ्रॉइड यांना आश्चर्य वाटले आणि ते त्यांनी पत्रोत्तरात व्यक्तही केले. प्रबंधकार गिरींद्रशेखर बोस (१८८७–१९५३) हे व्यवसायाने डॉक्टर होते. तरुणपणी त्यांना संमोहनविद्येचा व जादूच्या प्रयोगांचा नाद होता, आणि वैद्यकाची पदवी घेतल्यावर त्यांनी पुन्हा विद्यार्थी होऊन मानसशास्त्राची एम्. ए. ही पदवी मिळविली होती. फ्रॉइडचे फार थोडे लेखन त्या वेळी इंग्रजीत आले होते. तेवढ्या आधारावर आणि स्वतःच्या रुग्णानुभवावर त्यांनी आपली उपपत्ती उभी केली होती.

२२ जानेवारी १९२२ रोजी पार्शीबागान गल्लीतील त्यांच्या राहत्या घरी भारतीय मनोविश्लेषण मंडळाची स्थापना झाली. आरंभीचे सभासद पंधरा होते व त्यांत महाविद्यालयांतून मानसशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकविणाऱ्यांचा भरणा अधिक होता. त्याच वर्षी मंडळास आंतरराष्ट्रीय संघटनेची मान्यता मिळाली. याच घरात ‘उत्केंद्र समिती’ नावाची एक गप्पांची बैठकही भरत असे. गिरींद्रशेखरांचे थोरले बंधू राजशेखर बोस हे तिच्यातील प्रमुख. ‘परशुराम’ या नावाने बंगाली विनोदी कथेला नवे वळण देणारे आणि ‘चलन्तिका’ हा कोश सिद्ध करणारे ते हेच. परशुरामांच्या कथांना चित्रे काढणाऱ्या यतींद्रकुमार सेन यांनी फ्रॉइडला वा त्यांच्या छायाचित्राला न पाहता केवळ कल्पनेने त्यांचे एक चित्र रेखाटले आणि ते व्हिएन्नास पाठविण्यात आले. आपण त्यात अगदी इंग्रज दिसतो, असा शेरा फ्रॉइड यांनी एका स्नेही लेखिकेस लिहिलेल्या पत्रात मारला आहे. ज्या भाषेच्या वाटेने फ्रॉइड कलकत्त्यास आले, तिचीच चेहरेपट्टी त्यांना मिळावी, हा योगायोग मोठा बोलका आहे.

मंडळाच्या संस्थापक सभासदांत दोन ब्रिटिश वैद्यकीय अधिकारी होते. त्यांपैकी ओवेन बर्कले-हिल हे रांचीच्या युरोपीय मनोरुग्णालयाचे अधीक्षक. हिंदूंचा धर्म, तत्त्वज्ञान आणि स्वभाव यांचे मूळ गुदकामुकतेत शोधणारा त्यांचा निबंध १९२१ मध्येच प्रसिद्ध झाला होता. राज्यकर्त्या वर्गातील एका चिकित्सकाने शासित समाजाला एकगठ्ठा रुग्णाच्या आसनावर बसवावे, आणि त्याच चिकित्सकाने वर्षभरात त्या समाजातील विद्वानांबरोबर एका मंडळाचे सभासदत्व पत्करावे, ही त्या काळाची विसंगती होय. रांचीतील त्यांचे रुग्णसेवेचे कार्य मोलाचे होते, हे मान्य करूनही त्या निबंधाचा अभिनिवेश नजरेआड करता येत नाही. बोस यांनी त्याला उत्तर म्हणून काही लिहिण्यापेक्षा वेगळी वाट धरली. भारतीय रुग्ण काय सांगतो, हे त्यांनी सिद्धान्ताच्या कसोटीचे साधन मानले.

या वाटेने जाता त्यांचा फ्रॉइडशी मतभेद झाला. प्रत्येक इच्छेच्या पोटी तिची विरोधी इच्छा असते, मारण्याच्या इच्छेबरोबर मार खाण्याची, पाहण्याच्या इच्छेबरोबर पाहिले जाण्याची. दोहोंपैकी एक प्रकट झाली की दुसरी दडपली जाते, असे बोस यांचे प्रतिपादन होते. रुग्णाला कल्पनेने आळीपाळीने दोन्ही भूमिकांत शिरावयास लावणे, हे त्यांच्या उपचारपद्धतीचे सूत्र ठरले. १९२९ मध्ये त्यांनी आपले निबंध फ्रॉइडकडे पाठविले व पत्रातून कळविले की, लिंगच्छेदाच्या भयाची लक्षणे भारतीय रुग्णांत युरोपीय रुग्णांइतकी ठळक आढळत नाहीत. स्त्री होण्याची पुरुषाची सुप्त इच्छा मात्र येथे सहज उघड होते, आणि ईडिपस-गंडातील मातेची प्रतिमा पुष्कळदा माता व पिता या दोहोंची मिळून झालेली असते. फ्रॉइड यांनी हा फरक लक्षणीय मानला, विरोधी इच्छेच्या प्रश्नाकडे लक्ष ठेवण्याचे आश्वासन दिले, पण आपली उपपत्ती बदलली नाही. दोघांची भेट कधीच झाली नाही. फ्रॉइड यांच्या पंच्याहत्तराव्या वाढदिवसानिमित्त १९३१ मध्ये मंडळाने त्यांना विष्णूची हस्तिदंती मूर्ती भेट दिली. ती त्यांनी आपल्या लिहिण्याच्या मेजावर ठेवली. पुढे देशत्याग करून ते लंडनला गेले तेव्हा तीही बरोबर गेली.

भारतीय साहित्यांच्या अभ्यासकाला खरा विचार करावयास लावणारा भाग परिभाषेचा आहे. बोस यांनी सिद्धान्त इंग्रजीत मांडला, परंतु ‘स्वप्न’ (१९२८) हा त्यांचा ग्रंथ बंगालीत आहे. त्याखेरीज त्यांनी बंगालीत मुलांसाठी ‘लाल कालो’ ही गोष्ट लिहिली, पुराणांतील कालगणनेचा शोध घेणारा ‘पुराणप्रवेश’ लिहिला आणि गीतेवर भाष्य केले. बंगालीत मनोविश्लेषणासाठी ‘मनःसमीक्षण’, अबोध मनासाठी ‘निर्ज्ञान’ आणि दमनासाठी ‘अवदमन’ हे शब्द रूढ झाले. घडविलेला शब्द प्रथम परका वाटतो. मात्र त्याच्यावर जुन्या अर्थांचे ओझे कमी असते, हा त्याचा लाभ.

मराठीची स्थिती याहून निराळी आहे. ‘दमन’ या शब्दाला शम-दमाची दीर्घ परंपरा आहे. इंद्रियदमन हा साधकाचा गुण, तो जाणूनबुजून केलेला आणि म्हणून प्रशंसनीय. फ्रॉइडप्रणीत दमन नेमके याच्या उलट जागी उभे आहे. ते नकळत घडते आणि त्यातून व्याधी उद्भवते. एकच शब्द साधना आणि रोगाचे कारण या दोहोंना लावल्यावर वाचकाच्या मनात त्यांची सरमिसळ होते, आणि संयमाची चिकित्सा म्हणजे संयमाची निंदा असा समज पसरण्यास ती सरमिसळ काही अंशी कारण झाली असावी. ‘नेणीव’ या शब्दाचेही तसेच. ‘दासबोधा’त जाणीव-नेणिवेचा विचार विस्ताराने आला आहे. तेथे नेणीव म्हणजे ज्ञानाचा अभाव. फ्रॉइडच्या सिद्धान्तातील अबोध हा अभाव नव्हे, तेथे काहीतरी दडलेले असते व ते सतत कार्यरत असते. तरीही ‘नेणीव’ हा शब्द मराठी समीक्षकांनी आपलासा केला, कारण त्यात ‘निर्ज्ञान’ला नसलेली घरगुती ऊब आहे. मर्ढेकरांच्या ‘रात्रीचा दिवस’ (१९४२) या कादंबरीपासून मराठी कथात्म साहित्यात संज्ञाप्रवाहाचे तंत्र आले, तेव्हा या शब्दाची गरज अधिकच भासू लागली. ‘वेड’ हा तर स्वतंत्र विषय आहे. भ्रमिष्टपणा, छंद आणि प्रेम या तिन्हींना मराठी माणूस एकच शब्द वापरतो. म्हणूनच ‘वेड्यांचे इस्पितळ’ जाऊन ‘मनोरुग्णालय’ आले, तेव्हा रुग्णाची अवहेलना टळली खरी, पण त्याला इतर माणसांशी जोडणारा एक धागाही तुटला.

कायद्याची भाषा याहून संथपणे बदलली. १९१२ च्या कायद्याच्या नावातच वेडेपणाचा उल्लेख होता. तो १९८७ च्या मानसिक आरोग्य अधिनियमाने रद्द झाला, आणि त्याची जागा पुढे २०१७ च्या अधिनियमाने घेतली. त्या जुन्या कायद्याच्या अमलात बोस यांनी १९३३ मध्ये कारमायकेल वैद्यकीय महाविद्यालयात मनोरुग्णांसाठी बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. सर्वसाधारण रुग्णालयात अशी सोय होणे ही त्या काळी मोठीच गोष्ट होती. रुग्णाला कोंडून न ठेवता तो घरी राहून उपचार घेऊ शकतो, हे त्यातून प्रत्यक्ष दिसले. १९४० मध्ये राजशेखरांनी दिलेल्या जागेत ‘लुंबिनी पार्क’ हे मनोरुग्णालय तीन खाटांवर उभे राहिले. कोशकाराच्या मालकीची जागा, चिकित्सकाची विद्या आणि बुद्धाच्या जन्मस्थानाचे नाव, असा हा संयोग होता.

मंडळाचे नियतकालिक १९४७ मध्ये निघाले. त्याचे नाव ‘समीक्षा’ असे असले तरी भाषा इंग्रजी होती. मराठी वाचक ते नाव पाहून साहित्यविमर्शाची अपेक्षा करील आणि आत त्याला रुग्णकथा आढळतील, कारण जो शब्द बंगालीने मनाच्या परीक्षणासाठी घेतला, तोच मराठीने ग्रंथाच्या परीक्षणासाठी राखून ठेवला आहे.