मीटलोफ

मुलांनो, शामी कबाब तुम्ही खाल्ले असतील. त्यांत हरभऱ्याची डाळ खिम्याला बांधून ठेवते. अमेरिकेत हेच काम पावाचा चुरा करतो. खिम्यात चुरा मिसळून भाजलेल्या पदार्थाला तेथे 'मीटलोफ' म्हणतात. पाव मांसातील रस शोषून घेतो, म्हणून मीटलोफ मऊ राहतो. शिवाय थोड्या मांसात अनेकांचे पोट भरते.

१९७२ साली तेथे मसालेदार सुक्या पावाच्या तुकड्यांची खोकी विक्रीला आली. ती तयार करण्यात रूथ सीम्स या बाईंचा मोठा वाटा होता. तुकडा फार बारीक असला तर पाण्याने लगदा होतो. फार मोठा असला तर तो टणक राहतो. योग्य आकारातच सारे यश होते.

कृती सोपी आहे. ९०० ग्रॅम खिमा, १७० ग्रॅमचे एक खोके, एक कप पाणी, दोन फेटलेली अंडी व थोडा टोमॅटो सॉस एकत्र कालवावा. लांबट गोळा करून ओव्हनमध्ये १९० अंश सेल्सिअसवर तासभर भाजावा. हे काम मोठ्यांच्या मदतीनेच करा.

मात्र वरचा रंग पाहून फसू नका. मांसावरचे जंतू खिमा करताना आतपर्यंत मिसळतात. म्हणून मीटलोफचा मध्यभाग ७१ अंशांपर्यंत तापलाच पाहिजे.

प्रश्न : खिम्यात पाव का घालतात?