शेतातील बिनतारी सेतू : जाळ्याची मांडणी आणि सुरक्षितता

स्वयंचलित हवामान केंद्र, जमिनीतील ओलावा मोजणारे संवेदक, ठिबक संचाचे नियंत्रक आणि विहिरीवरील कॅमेरा ही साधने आता प्रगतशील शेतकऱ्यांच्या शेतावर दिसू लागली आहेत. इंटरनेटची जोडणी मात्र बहुधा शेतघरापाशीच थांबते आणि विहीर, पंपघर किंवा हरितगृह तेथून बरेच दूर असते. जाळ्याची तांब्याची केबल १०० मीटरपलीकडे विश्वासाने चालत नाही. प्रकाशतंतूची केबल दूरवर जाते, परंतु नांगरट, चर आणि उंदीर यांपासून ती जपणे कठीण असते. अशा ठिकाणी दोन बिनतारी सेतू, म्हणजेच वायरलेस ब्रिज, हा सोपा व तुलनेने स्वस्त उपाय ठरतो.

सेतू उभारताना बहुतेकांचे लक्ष संकेत पोहोचतो की नाही याकडेच असते. परंतु या सेतूवरून पंप सुरू होतो, झडपा उघडतात आणि विद्राव्य खते सोडली जातात. सेतू ज्याच्या हाती लागेल त्याच्या हाती शेताचे पाणीही लागते. म्हणून बिनतारी मांडणी आणि सुरक्षिततेची मांडणी ही दोन्ही कामे एकाच वेळी व्हावीत. त्यांचा क्रमवार विचार या पाठात केला आहे.

१. सेतूचे कार्य

राउटर दोन वेगळ्या जाळ्यांना जोडतो. सेतू एकाच जाळ्याचे दोन तुकडे सांधतो. शेतघरातील राउटरला पंपघरातील नियंत्रक तारेनेच जोडला असता जसा दिसला असता, तसाच तो सेतूमुळे दिसतो. सेतूचे एक टोक ॲक्सेस पॉइंट या भूमिकेत आणि दुसरे स्टेशन या भूमिकेत चालते. सामान्य वायफायमध्ये स्टेशनच्या मागे असलेल्या उपकरणांची स्वतंत्र ओळख पलीकडे पोहोचत नाही. त्यासाठी दोन्ही टोकांना डब्ल्यूडीएस किंवा पारदर्शक सेतू हा पर्याय चालू करावा लागतो. हा पर्याय राहून गेला तर दोन्ही टोके जोडलेली दिसतात, पण नियंत्रक मात्र सापडत नाही. प्रत्येक कंपनीची पद्धत थोडी निराळी असल्याने दोन्ही टोकांना एकाच कंपनीची आणि शक्यतो एकाच प्रकारची उपकरणे घ्यावीत.

२. दृष्टिरेषा आणि पिकाची उंची

५ गिगाहर्ट्झच्या लहरी पाने, झाडे व भिंती यांतून नीट पार होत नाहीत, आणि ओली पाने तर त्या अधिकच शोषतात. दोन ॲन्टेना एकमेकांना दिसणे आवश्यक आहे, परंतु तेवढे पुरेसे नाही. लहरींचा मार्ग मध्यभागी फुगीर असतो. या फुगीर भागाला फ्रेनेल क्षेत्र म्हणतात आणि त्याचा किमान ६० टक्के भाग मोकळा असावा लागतो.

समजा, शेतघर आणि पंपघर यांतील अंतर ८०० मीटर आहे. मध्यबिंदूवरील त्रिज्या मीटरमध्ये काढण्यासाठी किलोमीटरमधील अंतराला गिगाहर्ट्झमधील वारंवारितेने भागावे, आलेल्या संख्येचे वर्गमूळ काढावे आणि त्यास ८.६६ ने गुणावे. ५.८ गिगाहर्ट्झसाठी ही त्रिज्या सुमारे ३.२ मीटर येते, तिचे ६० टक्के म्हणजे जवळजवळ २ मीटर. मधल्या शेतात ४ मीटर उंचीपर्यंत जाणारा ऊस असेल, तर ॲन्टेना जमिनीपासून किमान ६ मीटर उंच हवा. हेच गणित २.४ गिगाहर्ट्झसाठी केल्यास ६० टक्के भाग ३ मीटर भरतो, म्हणजे खांब आणखी १ मीटर उंच लागतो.

रिकाम्या रानात चाचणी घेतलेला सेतू पीक वाढल्यावर बंद पडतो आणि दोष उपकरणाला दिला जातो. उत्तर प्रदेशातील ऊस असो, बुऱ्हाणपूर-जळगावकडील केळी असो वा बांधावरची वाढती झाडे असोत, उंची ठरवताना पीक पूर्ण वाढलेले आहे असेच धरावे.

३. टेबलावरील पूर्वतयारी

खांबावर चढवण्यापूर्वी दोन्ही उपकरणे टेबलावर शेजारी ठेवून संपूर्ण मांडणी करावी. सर्वप्रथम दोहोंचे फर्मवेअर अद्ययावत करावे. त्यानंतर कंपनीने दिलेला प्रशासकाचा मूळ पासवर्ड लगेच बदलावा. हे मूळ पासवर्ड माहितीपुस्तिकेत छापलेले असतात, म्हणजे ते कोणालाही ठाऊक असतात. या अवस्थेत प्रक्षेपणाची शक्ती किमान ठेवावी, कारण इतक्या जवळून येणारा तीव्र संकेत ग्राहक भागाला झेपत नाही.

४. बिनतारी जाळ्याची मांडणी

देश : देशाच्या रकान्यात भारत निवडावा. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली आणि ५ गिगाहर्ट्झचे विस्तारित पट्टे २०१८ साली परवानामुक्त झाले. ही मुभा ठरावीक शक्तिमर्यादेतच आहे. जास्त शक्ती मिळावी म्हणून दुसऱ्या देशाचे नाव निवडणे नियमबाह्य आहे.

पट्टा व चॅनेल : २.४ गिगाहर्ट्झमध्ये घरगुती वायफाय व ब्लूटूथ यांची गर्दी असते, म्हणून सेतूसाठी ५ गिगाहर्ट्झ निवडावा. त्यातही ५७२५ ते ५८७५ मेगाहर्ट्झमधील १४९, १५३, १५७, १६१ किंवा १६५ या चॅनेलांचा विचार प्रथम करावा. ५ गिगाहर्ट्झच्या काही मधल्या चॅनेलांवर रडारही काम करतात. तेथे रडारचा संकेत आढळल्यास उपकरण आपोआप चॅनेल सोडते आणि जोडणी काही काळ खंडित होते. उपकरणातील पाहणीची सोय वापरून परिसरात सर्वांत कमी वापरले जाणारे चॅनेल शोधावे व तेच कायम ठेवावे.

चॅनेलची रुंदी : २० मेगाहर्ट्झ पुरेशी आहे. संवेदकांची माहिती अत्यल्प असते आणि एकदोन कॅमेऱ्यांचे चित्रणही त्यात सहज मावते. रुंदी दुप्पट केल्यास वेग वाढतो, पण गोंगाटही दुप्पट आत येतो आणि जोडणीचा टिकाऊपणा घटतो.

जाळ्याचे नाव : नावात गट क्रमांक, आडनाव किंवा पंपघर असा शब्द नसावा. नाव लपवण्याची सोय असते, परंतु तिला सुरक्षा समजू नये. लपवलेले नाव साध्या साधनांनीही वाचता येते.

अंतर : अंतराच्या रकान्यात प्रत्यक्ष अंतरापेक्षा किंचित जास्त आकडा भरावा. तो कमी पडल्यास पलीकडून येणारी पोच वेळेत मिळत नाही आणि तीच माहिती पुन्हा पुन्हा पाठवली जाते.

५. पत्त्यांची व्यवस्था

राउटरचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल, तर सेतूच्या दोन टोकांना १९२.१६८.१.२ आणि १९२.१६८.१.३ असे कायमचे पत्ते द्यावेत. राउटर इतर उपकरणांना आपोआप वाटतो ते पत्ते वेगळ्या गटात, उदाहरणार्थ १०० ते १९९ या क्रमांकांत, ठेवावेत. पत्ते वाटण्याचे काम संपूर्ण जाळ्यात एकट्या राउटरकडेच असावे आणि सेतूवरील ती सोय बंद ठेवावी. दोन ठिकाणांहून वाटप झाल्यास उपकरणे कधी चालतात, कधी अडतात आणि कारण सापडत नाही. त्याचप्रमाणे, सेतू चालू असताना तीच दोन ठिकाणे आणखी एखाद्या केबलने जोडू नयेत. जाळ्यात वर्तुळ तयार होते आणि सर्व वाहतूक ठप्प होते.

६. सुरक्षिततेची मांडणी

कूटबद्धता : डब्ल्यूईपी ही जुनी पद्धत २००१ सालीच कुचकामी ठरली असून ती कदापि निवडू नये. डब्ल्यूपीए-२ मध्ये एईएस हा पर्याय घ्यावा, टीकेआयपी घेऊ नये. दोन्ही टोके समर्थ असतील तर २०१८ साली आलेली डब्ल्यूपीए-३ ही पद्धत अधिक चांगली. डब्ल्यूपीए-२ मधील एक गंभीर त्रुटी २०१७ साली उघड झाली आणि ती फर्मवेअर सुधारून दूर करण्यात आली. जुन्या फर्मवेअरवर चालणारे उपकरण म्हणूनच असुरक्षित राहते.

पासवर्ड : डब्ल्यूपीए-२ चा पासवर्ड ८ ते ६३ अक्षरांचा असतो. आपल्याकडे मोबाइल क्रमांकच पासवर्ड म्हणून ठेवण्याची सवय फार आहे. १० अंकी मोबाइल क्रमांक ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो, म्हणजे एकूण शक्यता ४०० कोटी. हा आकडा मोठा वाटतो. परंतु जोडणी होतानाची देवाणघेवाण एकदा टिपली, की आक्रमकाला शेताजवळ थांबण्याची गरज उरत नाही. तो घरी बसून संगणकावर एकेक शक्यता पडताळू शकतो. ग्राफिक्स कार्ड असलेला संगणक सेकंदाला ४ लाख शक्यता तपासत असेल, तर ४०० कोटींसाठी १० हजार सेकंद, म्हणजे तीन तासांहूनही कमी वेळ लागतो. मालकाचा क्रमांक पाटीवर लिहिलेला असेल तर तेवढाही वेळ लागणार नाही. याऐवजी परस्परांशी संबंध नसलेले पाच-सहा मराठी शब्द रोमन अक्षरांत सलग लिहावेत व मध्ये एखादा अंक घालावा. असा पासवर्ड लक्षात राहतो आणि शोधणे जवळजवळ अशक्य होते.

डब्ल्यूपीएस : बटण दाबून किंवा ८ अंकी पिन देऊन जोडणी करण्याची ही सोय बंद करावी. पिनमधील शेवटचा अंक केवळ पडताळणीचा असतो आणि उरलेले अंक ४ व ३ अशा दोन भागांत स्वतंत्रपणे तपासले जातात. त्यामुळे १ कोटीऐवजी १० हजार अधिक १ हजार, असे अवघे ११ हजार प्रयत्न पुरतात. पासवर्ड कितीही उत्तम असला तरी हे मागचे दार उघडे राहिले, की त्याचा उपयोग संपतो.

प्रशासन : प्रशासकाचा पासवर्ड, सेतूचा पासवर्ड आणि शेतघरातील वायफायचा पासवर्ड हे तीन भिन्न असावेत. टेलनेट बंद करून सुरक्षित एचटीटीपीएस मार्गच ठेवावा. इंटरनेटवरून थेट प्रशासन करण्याची सोय बंद असावी. स्टेशनच्या मॅक पत्त्यालाच प्रवेश देण्याचा नियम लावता येतो, पण मॅक पत्त्याची नक्कल होते. हा नियम केवळ पूरक समजावा.

विभागणी : पाहुणे, मजूर व मुलांचे मोबाइल ज्या वायफायवर असतात, त्यावर झडपांचे नियंत्रक नसावेत. राउटरवर पाहुण्यांसाठी स्वतंत्र जाळे तयार करावे. जोडणीचा गैरवापर झाल्यास चौकशी प्रथम ती ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडेच येते, हेही ध्यानात ठेवावे.

७. उभारणी आणि पडताळणी

टेबलावर जोडणी सिद्ध झाल्यावर शक्ती योग्य पातळीवर आणून उपकरणे खांबावर बसवावीत. दोन्ही ॲन्टेना एकाच पद्धतीने उभ्या असाव्यात. एक टोक स्थिर ठेवून दुसरे हळूहळू आडव्या व नंतर उभ्या दिशेने फिरवावे आणि संकेताची पातळी पाहावी. वरील उदाहरणात प्रक्षेपण २० डीबीएम आणि प्रत्येक ॲन्टेनाची वाढ १३ डीबी धरली, तर ८०० मीटरवरील मोकळ्या हवेतील घट सुमारे १०६ डीबी असल्याने उणे ६० डीबीएमच्या आसपास संकेत मिळायला हवा. उणे ७५ दिसत असेल तर शक्ती वाढवू नये, आधी दिशा आणि अडथळे तपासावेत.

केबल बाहेरच्या वापराची, आवरणयुक्त असावी व उपकरणात शिरण्यापूर्वी तिला खाली झुकणारा वळसा द्यावा, म्हणजे पावसाचे पाणी आत ओघळत नाही. खांबाला भूसंपर्क व केबलला वीजरोधक बसवावा. केबलमधूनच वीज देणारे अडॅप्टर २४ व ४८ व्होल्ट अशा भिन्न प्रकारांत येतात. उपकरणासोबत आलेलाच वापरावा.

शेवटची चाचणी सेतू मुद्दाम बंद करून घ्यावी. जोडणी तुटल्यावर उघडी झडप वेळेवर बंद होते का, विहिरीचे पाणी संपल्यास पंप थांबतो का, हे प्रत्यक्ष पाहावे. नियंत्रकाने आपले वेळापत्रक स्वतःजवळ ठेवलेले असावे आणि पंपाचे कोरडे चालण्यापासूनचे संरक्षण जाळ्यावर अवलंबून नसावे.

८. विस्तार कार्यकर्त्यांसाठी सूचना

संच बसवणारा तंत्रज्ञ निघून जातो आणि पासवर्ड त्याच्याच वहीत राहतो, हा अनुभव अनेक गावांत येतो. संच ताब्यात घेताना पुढील नोंदी शेतकऱ्याच्या हाती आल्याची खात्री करावी :

• दोन्ही टोकांचे पत्ते, चॅनेल, रुंदी आणि उभारणीच्या दिवशीची संकेताची पातळी
• तिन्ही पासवर्ड, शेतकऱ्याने स्वतः बदललेले व बंद पाकिटात घरी ठेवलेले
• मांडणीची साठवलेली प्रत, म्हणजे उपकरण बदलल्यास पुन्हा सर्व भरावे लागणार नाही
• फर्मवेअर तपासल्याची तारीख

पावसाळ्यापूर्वी आणि पीक पूर्ण वाढल्यावर, अशी वर्षातून दोनदा संकेताची पातळी मूळ नोंदीशी ताडून पाहावी. ५ ते ६ डीबीची घट दिसल्यास फांद्या, सैल झालेला खांब व केबलचे सांधे तपासावेत. मजूर किंवा तंत्रज्ञ बदलला, की पासवर्डही त्याच आठवड्यात बदलावा. प्रथम प्रशासकाचा, नंतर सेतूचा पासवर्ड बदलावा. सेतूचा पासवर्ड बदलताना दूरच्या टोकाचा आधी आणि जवळच्या टोकाचा नंतर बदलावा. क्रम उलटा झाला तर दूरचे टोक तुटते आणि नवा पासवर्ड भरण्यासाठी पंपघरापर्यंत जाऊन खांबावर चढावे लागते.