गतीचे तीन नियम आणि उसाची गाडी

चकलांबा व गेवराई तालुक्यातील इतर गावांतून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. बैल, गाडी व ट्रॅक्टर यांच्याशी त्यांचा नित्य संबंध येतो. ह्या सर्वांच्या चालण्यास तीन नियम लागू आहेत. इंग्लंडातील आयझॅक न्यूटन यांनी ते १६८७ साली आपल्या लॅटिन ग्रंथात मांडले. हे नियम विद्वानांपुरतेच आहेत, असे कोणी समजू नये. ज्यास ते ठाऊक नाहीत त्यासही ते सोडीत नाहीत. सबब ते समजून घेणे हिताचे आहे.

पहिला नियम : स्थिर वस्तू आपण होऊन हलत नाही आणि चालती वस्तू आपण होऊन थांबत नाही, त्यासाठी बाहेरून जोर लागतो. एस. टी. एकाएकी थांबली म्हणजे आत उभा असलेला मनुष्य पुढे पडतो. त्याचे पाय गाडीबरोबर थांबतात, परंतु धड पूर्वीच्याच वेगाने पुढे जाऊ पाहते. उसाच्या ट्रॉलीवर बसविलेल्या लेकरांचेही असेच होते. ट्रॅक्टर थांबतो, मोळ्या व लेकरे थांबत नाहीत. म्हणून भरल्या ट्रॉलीवर कोणास बसवू नये.

दुसरा नियम : जोर अधिक तर वेगात पडणारा फरक अधिक, परंतु वस्तू जड असली तर तोच जोर अपुरा पडतो. रिकामी गाडी बैल सहज पळवितात. भरलेली हलविताना त्यांच्या माना वाकतात. थांबविण्यासही हाच नियम आहे. उतारावर ओझे दुप्पट असेल, तर गाडी धरून ठेवण्यास जोरही दुप्पट लागतो. तो न मिळाल्यास गाडी बैलांच्या अंगावर येते. म्हणून उतार लागण्यापूर्वीच वेग कमी करावा.

येथे वेगाचाही हिशेब पाहावा. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारा ट्रक एका सेकंदात सुमारे १७ मीटर जातो. पुढची गाडी दिसल्यावर ब्रेक दाबण्यास एक सेकंद लागला, तरी तेवढी वाट सरून जाते. शिवाय वेग दुप्पट झाला, तर ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर सुमारे चौपट होते. यास्तव रात्री गाडीच्या मागे चकाकणारी तांबडी पट्टी अवश्य असावी.

तिसरा नियम : प्रत्येक जोरास उलट दिशेचा तितकाच जोर असतो. बैल खुरांनी जमीन मागे रेटतो, तेव्हा जमीन त्यास तितक्याच जोराने पुढे रेटते. चिखलात खूर निसटतो, कारण तेथे पकड नसते. अशा वेळी चाबूक मारल्याने पकड वाढत नाही; खुरांखाली मुरूम टाकावा, ओझे उतरवावे, अथवा दुसरी जोडी लावावी.

हे नियम कोणाचा द्वेष करीत नाहीत व कोणाची भीडही धरीत नाहीत. कारखान्याच्या काट्यावर लवकर पोहोचण्याची कितीही घाई असो, उतार आपली ओढ कमी करीत नाही.

प्रश्न : (१) एस. टी. एकाएकी सुरू झाल्यास उभा मनुष्य मागे का झुकतो? (२) भरली गाडी उतारावर कोठून सावरावी व का? (३) चिखलात बैलास मारणे व्यर्थ का आहे?